लेण्यात कोणता दिवा न्यावा?



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. कोणी बेळगावहून, कोणी इंदूरहून, कोणी नागपूरहून. प्रश्न असा: "सर, लेण्यांचे आणि गुहांचे फोटो काढायला कोणता दिवा घेऊ?" काहींनी सोबत बाजारातल्या दिव्यांची चित्रंही पाठवली आणि विचारलं, यातला एक सांगा.

एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण मी तसं करणार नाही. कारण दिव्याचं मॉडेल दोन वर्षांत बदलतं, आणि चुकीच्या ठिकाणी चांगला दिवाही वाईट फोटो देतो. फौजेत शस्त्र निवडायच्या आधी विचारतात, काम काय आहे आणि जमीन कशी आहे? आज तेच दोन प्रश्न आपण दिव्याला लावू. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा सगळा विषय मी त्या चुकीतूनच शिकलो.

माझी चूक

2008 साली मी सुट्टीवर गावी आलो होतो. आमच्या भागातल्या एका डोंगरात एक छोटं, फारसं कोणी न जाणारं लेणं आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. आत एक खोली, बाहेर पाण्याचं टाकं, आणि दाराशेजारी भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या तीनेक ओळी. मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्याच्यावरचा फ्लॅश उघडला, समोर उभा राहिलो, खटाखट वीसेक फोटो काढले आणि समाधानाने खाली उतरलो.

निवृत्तीनंतर आम्ही म्हैसूरला स्थायिक झालो. म्हैसूर म्हटलं की आपल्या लोकांना राजवाडा, दसरा आणि मैसूरपाक आठवतो. पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या शिलालेख शाखेचं मुख्य कार्यालयही इथेच आहे. पूर्वी ते उटीला होतं, 1966 साली म्हैसूरला आलं. देशभरातल्या शिलालेखांचे हजारो कागदी ठसे इथे जपलेले आहेत. साहजिकच या गावात लिपी वाचणारी माणसं भेटतात. आमच्या गल्लीत असेच एक निवृत्त लिपितज्ज्ञ राहतात. एका संध्याकाळी कॉफीला आले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने ते फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग हळूच म्हणाले, "कर्नल साहेब, भिंत छान आली आहे. अक्षरं कुठे आहेत?"

खरंच, अक्षरं नव्हती. फ्लॅश सरळ समोरून मारल्यामुळे खोदलेल्या खाचेत आणि सपाट दगडावर सारखाच उजेड पडला होता. सावली नाही, म्हणून अक्षर नाही. त्यांनी मला बाजूने उजेड कसा टाकायचा ते समजावलं आणि म्हणाले, "पुन्हा जा, नीट काढून आणा. वाचून देतो."

मी पुन्हा गेलो, पण 2017 साली. तोवर तिथे देवाची स्थापना झाली होती. कोणाच्या तरी भक्तीने दारापासून छतापर्यंत सगळी भिंत ऑइलपेंटने रंगवली होती. ज्यांनी रंगवली त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या लेखी ते जुनाट भिंत स्वच्छ करत होते. पण अक्षरांच्या खाचा रंगाने भरून गेल्या होत्या. आता त्या तीन ओळींचा पुरावा म्हणून माझ्याकडे वीस फोटो आहेत, आणि त्या विसांत एकही अक्षर वाचता येत नाही. दोन हजार वर्षं टिकलेली गोष्ट माझ्यासमोर होती, हातात कॅमेरा होता, आणि केवळ दिवा चुकीच्या जागी होता म्हणून ती गेली.

म्हणून मंडळी, दिव्याची निवड हा मला हौसेचा विषय वाटत नाही. काही वेळा तुम्ही काढलेला फोटो हीच शेवटची नोंद असते.

नोंद का महत्त्वाची

अजिंठ्याचा इतिहास हेच सांगतो. 1819 साली मद्रास प्रेसिडेन्सीच्या फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीला गेला असताना वाघूर नदीच्या खोऱ्यात त्याला ही लेणी दिसली. पुढे 1840 च्या दशकात त्याच मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल याला तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. गिलने वर्षानुवर्षं तिथे काढली. त्याची मोठमोठी तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती आणि 1866 च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल नंतर कॅमेऱ्याकडेही वळला होता. त्याची छायाचित्रं असलेलं लेण्यांवरचं पुस्तक 1864 साली निघालं. नकला जळाल्या, भिंतीवरची मूळ चित्रं झिजत राहिली, आणि जुने फोटो तुलनेसाठी उपयोगी पडले.

काळोखात फोटो काढायची धडपडही जुनीच. पॅरिसच्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने 1861 साली तिथल्या भुयारी अस्थिगृहात विजेच्या कमानदिव्यावर फोटो काढले. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. इतका वेळ माणूस निश्चल कसा उभा राहणार? म्हणून त्याने मजुरांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले. 1866 साली अमेरिकेतल्या मॅमथ केव्हमध्ये चार्ल्स वाल्डॅकने मॅग्नेशियम जाळून फोटो काढले. पण मॅग्नेशियम जाळलं की पांढरा धूर कोंडतो. आपल्या खिशात आज जो दिवा मावतो तो त्या दोघांनी पाहिला असता तर त्यांना चमत्कार वाटला असता. तेव्हा साधन नाही अशी तक्रार आपण करायची नाही.

आधी परवानगी, मग दिवा

खरेदीच्या आधी हे मनात पक्कं करा. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची किंवा दिवे लावायचे तर पुरातत्त्व विभागाची आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे.

यावर लोक विचारतात, एका फ्लॅशने काय होणार आहे? एका फ्लॅशने भिंतीचा रंग उडत नाही, हे खरं. प्रश्न बेरजेचा आहे. उजेडाने होणारं नुकसान "किती तीव्र" गुणिले "किती वेळ" असं मोजतात. नाजूक चित्रांसाठी संग्रहालयांत 50 लक्स ही मर्यादा साधारणपणे पाळतात. आता समजा, तुम्ही हजार लक्सचा एलईडी चित्रासमोर दोन मिनिटं धरला. हिशेब करा: 50 लक्सच्या उजेडात ते चित्र चाळीस मिनिटं ठेवल्याइतका डोस तुम्ही दोन मिनिटांत दिला. तुमच्या मागे रांगेत पाचशे माणसं आहेत. प्रत्येकाने असंच केलं तर? शिस्त ही एका माणसाला त्रास म्हणून नसते, पलटणीचा हिशेब म्हणून असते.

त्यामुळे सामान्य प्रवासी म्हणून गेलात तर चित्रांच्या लेण्यात दिवा पिशवीतच ठेवा. आहे त्या उजेडात काम करा. 1991 साली बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं अगदी मंद प्रकाशात, लांब एक्स्पोजर देऊन टिपली आणि ती जगभर गाजली. उजेड कमी असेल तर वेळ वाढवायचा, हा साधा व्यवहार आहे. एक आकडा लक्षात ठेवा: भिंतीवर 20 लक्स उजेड असेल, आयएसओ 400 आणि छिद्र एफ 5.6 ठेवलं, तर साधारण एक सेकंद पुरतो. उजेड 5 लक्स असेल तर चार सेकंद. तिपाई नसेल तर आयएसओ वाढवा, श्वास सोडून थांबा आणि मग बटण दाबा. रायफल चालवताना हेच शिकवतात. मात्र टेकायला म्हणून लेण्याच्या खांबाला किंवा भिंतीला अंग लावू नका.

काम काय आहे?

आता दिवा. आत गेल्यावर आपण चार वेगवेगळ्या गोष्टी टिपतो आणि चारींना वेगळा उजेड लागतो.

पहिली गोष्ट, शिलालेख. इथे एकच दिवा हवा, पण तो भिंतीला जवळजवळ चिकटून येणारा. भिंतीशी दहा ते पंधरा अंशांचा कोन. उजेड घासत गेला की प्रत्येक खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी होते आणि अक्षर उभं राहतं. दिवा शक्यतो वर-डावीकडून धरा. खालून धरलात तर डोळ्याला भ्रम होतो आणि खोदलेलं अक्षर उठावाचं वाटू लागतं.

दुसरी काळजी अंतराची. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. लेख एक मीटर रुंद आहे आणि दिवा जवळच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर धरलात, तर लांबची कड दीड मीटरवर पडते. म्हणजे अंतर तिप्पट आणि उजेड नववा हिस्सा. एका बाजूची अक्षरं जळलेली, दुसऱ्या बाजूची अंधारात. तोच दिवा तीन मीटर मागे न्या. आता कडांची अंतरं तीन आणि चार मीटर, आणि लांबच्या कडेला जवळच्या कडेच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. म्हणून शिलालेखाला लांब झोत टाकणारी, झोत बारीक-मोठा करता येणारी टॉर्च हवी. पसरट पॅनल नको.

आमचे शेजारी आणखी एक युक्ती सांगतात. कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवा, हलवू नका, आणि दिवा फक्त फिरवा. डावीकडून, वरून, उजवीकडून, तिरका, असे आठ-दहा फोटो घ्या. जे अक्षर एका फोटोत लपतं ते दुसऱ्यात सापडतं. शाखेतली माणसं ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, त्यावर शाई फिरवून ठसा घेतात. आपल्याला तसं करायची मुभाही नाही आणि सवयही नाही. पण उजेडाने घेतलेला हा ठसा दगडाला हात न लावता मिळतो.

दुसरी गोष्ट, मूर्ती. तिला बाजूने उजेड हवा, पण इतका घासून नको. घारापुरीची त्रिमूर्ती आठवा. सुमारे साडेपाच मीटर उंचीचं ते शिल्प लेण्याच्या आतल्या भिंतीत आहे, आणि उजेड मुख्य दाराबरोबरच बाजूच्या चौकांतूनही येतो. त्यामुळे दिवसभरात चेहऱ्यांवरची छाया सरकत राहते. ज्यांनी ते खोदलं त्यांनी दिव्याची जागा आधीच ठरवली होती, असं मला नेहमी वाटतं. मूर्तीला आपला दिवा लावायचा तर मूळ उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने, साधारण 45 अंशांतून, पांढऱ्या कापडातून गाळून टाका. सावलीच्या बाजूला पांढरा कागद किंवा रिफ्लेक्टर धरलात की काळोख थोडा उघडतो. पुष्कळदा नुसता रिफ्लेक्टरच पुरतो. अजिंठा-वेरूळला पूर्वी बाहेरचं ऊन आरशाने किंवा चमकत्या पत्र्याने आत वळवून मूर्ती दाखवत, हे आपल्यातल्या वयस्क मंडळींनी पाहिलं असेल. त्याला बॅटरी लागत नव्हती!

तिसरी गोष्ट, भित्तिचित्र. परवानगी असेल तरच, हे पुन्हा सांगतो. इथे दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, समान अंतरावर. इथे दिव्याच्या ताकदीपेक्षा रंगाची इमानदारी महत्त्वाची. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत हा दिवा रंग किती खरे दाखवतो, याचं ते प्रगतिपुस्तक समजा. शंभर म्हणजे पैकीच्या पैकी. चित्रांसाठी 95 च्या खालचा दिवा घेऊ नका. त्यातही आर 9 नावाचा वेगळा आकडा पाहा, तो गडद लाल रंगाचा असतो. स्वस्त एलईडी सरासरीत पास होतात आणि लालमध्ये नापास. आपल्या लेण्यांत तर गेरूचा लाल, पिवळी माती, मातीचा हिरवा, काजळी हेच मुख्य रंग. लालच मेला तर चित्रात राहिलं काय?

मी हे बदामीला अनुभवलं. म्हैसूरहून गोलगुंबज एक्स्प्रेस थेट बदामीला जाते आणि पुढे सोलापूरकडे निघते, त्यामुळे आम्हाला ते सोयीचं. तिथल्या चार लेण्यांपैकी तिसरं वैष्णव लेणं. त्यात चालुक्य मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा लेख आहे, आणि छताच्या कडेला जुन्या चित्रांचे थोडे अवशेष टिकून आहेत. तिथला दगड वालुकाश्म, सुंदर तांबूस. मी बाहेरच्या व्हरांड्यातल्या साध्या दगडावर घरचा स्वस्त एलईडी पाडून एक फोटो काढला आणि शेजारीच नुसत्या दिवसाच्या उजेडात दुसरा. पहिल्यात तो तांबूस दगड आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा हिरवट-राखाडी आला. आमच्या सौ. म्हणाल्या, "हा दगड आहे की शिळं वरण?" तो दिवा त्या दिवशी निवृत्त झाला.

चित्राची आणखी एक अडचण म्हणजे चकाकी. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं पातळ रोगण दिलं होतं. पुढे ते पिवळं पडलं. असा पृष्ठभाग चमकतो. त्यावर उपाय म्हणजे दिव्यावर आणि भिंगावर, दोन्हीकडे ध्रुवण फिल्टर लावून एक फिरवणं. चकाकी जाते, पण उजेडही बराच कमी होतो. मग वेळ वाढवायचा. आणि सुरुवातीला रंगांच्या चौकटींचं कार्ड किंवा निदान राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घ्या. पन्नास वर्षांनी कोणी तुमचा फोटो पाहिला तर खरा रंग कोणता हे त्याला त्यावरून ठरवता येईल.

चौथी गोष्ट, पूर्ण जागा. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे 37 मीटर लांब आहे. दारात उभं राहून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की पहिले दोन खांब पांढरे होतात आणि मागचा स्तूप काळोखात बुडतो. दोन मीटरवर जितका उजेड पडतो त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवर आणि शंभरावा हिस्सा वीस मीटरवर. कितीही मोठा फ्लॅश आणा, हे गणित बदलत नाही. उपाय म्हणजे मोठा एक दिवा नाही, तर छोटे अनेक. खांबांच्या आड लपवलेले, प्रत्येकाने आपला तुकडा उजळायचा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ साधणं. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपार उतरल्यावर जा, सूर्य स्वतः काम करतो.

आमच्या म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी सुमारे लाखभर दिवे लागतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण ते दिवे स्वतः दिसण्यासाठी असतात. आपला दिवा फोटोत दिसला तर तो चुकला. त्याने फक्त दगड दाखवायचा.

जमीन कशी आहे?

आतापर्यंत आपण माणसाने खोदलेल्या लेण्यांबद्दल बोललो. निसर्गाच्या गुहा, म्हणजे आंध्रातली बेलम, बोऱ्रा किंवा मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा, ही वेगळी जमीन. माझी काही वर्षं ईशान्येत गेली. तिथल्या गुहेत वळणाच्या पुढे गेलात की अमावस्येची रात्रसुद्धा उजळ वाटावी असा काळोख असतो. बाहेर रात्री अर्ध्या तासात डोळे सरावतात. आत सरावायला काहीच नसतं, कारण उजेडच नसतो.

म्हणून तिथे पहिला दिवा फोटोचा नाही, जिवाचा. प्रत्येक माणसाकडे तीन स्वतंत्र दिवे, हा गुहेत उतरणाऱ्यांचा जगभरचा नियम आहे. एक डोक्यावर, एक खिशात, एक पिशवीत, आणि तिघांच्या बॅटऱ्या वेगळ्या. मोबाइलची टॉर्च या तिघांत धरायची नाही. फोटोच्या दिव्यालाही यात धरायचं नाही. तो सगळ्यात आधी संपतो. डोक्यावरच्या दिव्याला 200 ते 400 ल्युमेन पुष्कळ झाले. त्याला लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. लाल उजेडात नकाशा वाचला तरी डोळ्यांची काळोखातली नजर फारशी मोडत नाही, हे फौजेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

दुसरं, ओल. खोक्यावर आयपीएक्स 4 लिहिलं असेल तर दिवा शिंतोडे सोसतो. आयपी 67 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. गुहेसाठी दुसरा बरा. आत थंड दमट हवेत तुमचाच श्वास कॅमेऱ्यापुढे तरंगतो आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने तो पांढऱ्या ठिपक्यांसारखा फोटोत येतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून काढून हातभर लांब, शक्य तर सोबत्याच्या हातात द्या आणि रेडिओ ट्रिगरने चालवा. सोबत्याला वळणाच्या पुढे उभं करून त्याच्या मागून दिवा पाडलात तर गुहेची खोली आणि माणसाचा आकार दोन्ही एकदम कळतं.

तिपाई असेल तर फ्लॅशचीही गरज नाही. तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावा आणि टॉर्चने भिंत रंगवा, घराला चुना देतात तशी, एका जागी न थांबता. अंगावर गडद कपडे घाला आणि टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे करू नका.

तिसरं, तिथले मालक. वटवाघळांच्या वस्तीवर पांढरा झोत मारायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. ती घाबरून उडतात, त्यांची पिल्लं खाली पडतात. विष्ठेची धूळ असेल तिथे नाकाला मास्क बांधा. आणि सह्याद्रीत लेण्याच्या तोंडावर आग्या मोहोळ आहे का ते दुरूनच पाहा. असेल तर मागे फिरा. त्या दिवशी फोटो नाही.

बाजारात गेल्यावर

आता खिशात पैसे घेऊन दुकानात उभे आहात असं समजू. या क्रमाने घ्या.

पहिल्यांदा डोक्यावरचा चांगला दिवा. मग साधी पण न डुगडुगणारी तिपाई. तिसरी, झोत कमी-जास्त होणारी टॉर्च. चौथा, हातात मावणारा एलईडी पॅनल, सीआरआय 95 च्या वर, ज्याचा उजेड पायरीपायरीने कमी करता येतो. ताकद मोजताना "एक मीटरवर किती लक्स" हा आकडा विचारा. तो तुम्हाला उपयोगी पडेल, जाहिरातीतला वॅटचा आकडा नाही. फ्लॅश सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त नैसर्गिक गुहांसाठी. हॅलोजन दिवा मात्र कुठेच नको. तो उजेडापेक्षा उष्णता जास्त देतो.

स्वस्त टॉर्चवर "दहा हजार ल्युमेन" असं लिहिलेलं असतं. फसू नका. एलईडी एका वॅटला ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो. दहा हजार ल्युमेन म्हणजे शंभर वॅट. आत बॅटरी मात्र बोटभर, दहा-बारा वॅट-तासांची. ती शंभर वॅट किती मिनिटं पुरवणार? सहा-सात. एवढा भागाकार दुकानातच करा.

हाच भागाकार पॅनललाही लावा. 56 वॅट-तासांची बॅटरी 20 वॅटच्या पॅनलला कागदावर पावणेतीन तास, प्रत्यक्षात अडीचच्या आसपास पुरते. आणि विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात.

एक शेवटची गोष्ट. दोन रंगांचे उजेड मिसळू नका. दारातून दिवसाचा निळसर उजेड येतो आहे आणि तुमचा दिवा पिवळा आहे, तर कॅमेरा गोंधळतो. दिवसा काम असेल तर पॅनल 5600 केल्विनवर ठेवा.

गृहपाठ

पैसे खर्च करण्याआधी हा प्रयोग घरी करा. घरात पाटा-वरवंटा असेल तर पाटा काढा. नसेल तर शेजारी मागा. हल्ली मिक्सरमुळे तो कोपऱ्यातच पडलेला असतो. खोलीत अंधार करा. आधी टॉर्च सरळ वरून धरा. पाटा सपाट दिसेल. मग टॉर्च हळूहळू खाली आणा, पाट्याला घासेल इतकी. पाथरवटाने लावलेली टाकी, तिचा एक-एक घाव, उभा राहील. मोबाइलने दोन्ही फोटो काढा आणि शेजारी ठेवून पाहा.

2008 साली मी हा प्रयोग केला असता तर त्या तीन ओळी आज आपल्याला वाचता आल्या असत्या. कदाचित कोणा व्यापाऱ्याने टाकं खोदायला दिलेलं दान असेल, कदाचित कोणा भिक्षुणीचं नाव असेल. आता ते कळणार नाही.

तुमच्या आसपासच्या डोंगरातही असं एखादं लेणं असेल, जिथे अजून कोणी रंगाचा डबा घेऊन गेलेलं नाही. दिवा तिरका धरा आणि जाऊन या. लेख सापडला, फोटो नीट आला, तर तो संगणकात पडू देऊ नका. तारीख आणि जागा लिहून जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाला पाठवा. आणि गावातल्या चार माणसांना सांगा की ही अक्षरं आहेत, त्यांच्या पूर्वजांनी कोरलेली. माझ्या अनुभवात, एकदा कळलं की लोक स्वतःच राखण करतात. आमच्या त्या लेण्यात मी हे सांगायला नऊ वर्षं उशिरा पोहोचलो.

पाट्याचे फोटो काढलेत की मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.